क्रॉसवरची रिकामी ओळ

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. इंग्लंडमध्ये आल्यावर तर त्याला चांगलंच खतपाणी मिळालं. सकाळी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटलीचं चंदेरी झाकण टोचलेलं दिसायचं आणि वरची साय गेलेली असायची. हे चिमणीएवढ्या पक्ष्यांचं काम आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर माझा वहीम शेजारणीवर होता. कळल्यावरही तो पुरता गेला नाही, कारण तोपर्यंत तिच्याबद्दल संशय घ्यावा असं बरंच काही साठलं होतं.

साठचं दशक उतरणीला लागलं होतं. माझा नवरा रीडिंग शहरातल्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या हुद्द्याचा डॉक्टर होता. शहरात जागा बघायला गेलं की फोनवर रिकामी असलेली खोली आम्ही दारात पोहोचेपर्यंत भरलेली असायची. त्यामुळे बसच्या वाटेवरच्या एका खेड्यातलं कॉटेज पहिल्याच भेटीत मिळालं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते किल्ली हातात पडल्यावर कळलं. स्वयंपाकघराची खिडकी थेट चर्चच्या आवारात उघडत होती. भांडी घासताना मान वर केली की समोर शेवाळलेले, वाकलेले थडग्यांचे दगड, यू नावाचं एक काळपट झाड आणि मधोमध दगडी क्रॉस. आपल्याकडे स्मशानाच्या बाजूला कुणी साधा झरोकासुद्धा ठेवत नाही. इथले लोक तिथे गुलाब लावतात आणि बाकावर बसून सँडविच खातात.

बस स्टॉपवरून घरी यायची जवळची वाटही त्या आवारातूनच होती. सुरुवातीला मी घरी आले की आंघोळ करायचे. मग नुसते पाय धुवायला लागले. मग थंडी पडली आणि तेही सुटलं.

क्रॉस होता गावातल्या, लढाईत गेलेल्या माणसांचा. खाली चौथरा आणि चौथऱ्यावर नावं. वर पहिल्या महायुद्धातली, दाटीवाटीने. खाली दुसऱ्या महायुद्धातली, जरा कमी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगळं गाव कोटाला पॉपीचं लाल कागदी फूल लावून तिथे जमलं. डॉक्टरची बायको म्हणून मलाही जावं लागलं. साडीवर कोट, कोटावर पॉपी, आणि बायकांच्या नजरा पायमोज्यांवर चढवलेल्या माझ्या चपलांवर. व्हिकर, म्हणजे तिथले पाद्री, एकेक नाव वाचत होते. मी ते नाव दगडावर शोधत होते आणि शोधता शोधता लक्षात आलं, की खालच्या यादीत मध्येच एक ओळ कोरी आहे. वर नाव, खाली नाव, मध्ये एका नावापुरती जागा. नावं आद्याक्षरांच्या क्रमाने होती, त्यामुळे पाथरवटाचा हात चुकला असेल असंही म्हणवेना.

मनात पाल चुकचुकली. सगळे चहाला पांगल्यावर मी त्या जागेवर बोट फिरवून बघितलं. खरवडल्याची खूण नव्हती. म्हणजे नाव काढून टाकलेलं नव्हतं, मुळात कोरलंच नव्हतं. वळून बघते तर शेजारीण यूच्या झाडाखाली उभी राहून माझ्याकडेच बघत होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई, साठीच्या जरा अलीकडची, डोक्याला रुमाल. एकटीच राहायची. प्रार्थनेच्या वेळीही ती बाकीच्यांत मिसळली नव्हती, तिथेच झाडाखाली होती. मी हसले, ती हसली नाही. पुढे व्हिकरना त्या कोऱ्या ओळीबद्दल विचारलं तर ते आभाळाकडे बघून म्हणाले, की दुपारपर्यंत पाऊस येईलसं दिसतंय. पोस्ट ऑफिसातली बाई एरवी स्वतःच्या पित्ताशयाबद्दलही भरभरून बोलायची, तिनेही तेव्हा तोंडाला कुलूप लावलं. एवढं कळलं, की भानगड जुनी आहे आणि गावाला ती ठाऊक आहे.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या.

त्यांच्याबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा. माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात बोटीने ब्रह्मदेशाकडे गेले आणि परत आले नाहीत. मेले असं कुणी कळवलं नाही. सरकारने बेपत्ता एवढंच सांगितलं. सासूबाईंनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. कपाळावरचं ठसठशीत कुंकू, गळ्यातलं डोरलं आणि हातातल्या हिरव्या बांगड्या यातलं काही त्यांनी उतरवलं नाही. आपल्याकडे अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो गेला असं धरून बायकोने पुढचं सगळं करायचं. बारा वर्षं झाल्यावर त्यांचे दीर भटजींना घेऊन दारात आले तेव्हा सासूबाईंनी आतून कडी लावून घेतली होती.

त्याची किंमत त्यांनी मोजली. हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं की नाही हे गावाला कधीच ठरवता आलं नाही. बोलावलं तर कुंकवाचं बोट त्यांच्यापाशी येऊन अडायचं. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्यांच्या जावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ओटी भरायला त्यांना पुढे करू नकोस, त्यांचं काय ते ठरलेलं नाही. सासूबाई हे सगळं बघायच्या आणि ब्र काढायच्या नाहीत.

नवऱ्याने त्यांना इंग्लंड दाखवायला आणलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट तो मला विमानतळावर जाताना बोलला. आईने हो म्हणावं आणि तो विधी एकदाचा होऊन जावा, हे त्याच्या मनात होतं. तो स्वतः देवाधर्माचा नव्हता. बाप गेला तेव्हा तो इतका लहान होता की त्याला बूट तेवढे आठवत. "मला बाप मेलेला चालेल," तो म्हणाला, "पण असा अर्धवट नको. तिलाही आता झेपत नाही. गावी रात्री कडी न लावता झोपते ती."

मी म्हटलं, बघू. मला वाटत होतं की ही बाई या जन्मी हो म्हणायची नाही.

आल्या दिवसापासून सासूबाईंनी मागच्या दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. आवारातून येणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो की कुणी, पाय धुऊन, डोळ्याला पाणी लावूनच आत यायचं. माझं सुटलेलं सोवळं असं पुन्हा मानगुटीवर बसलं. आणि हे सगळं चालायचं शेजारणीच्या डोळ्यांदेखत, कारण तिच्या बागेतून आमचं मागचं दार सरळ दिसायचं.  गुलाबाच्या फांद्या छाटता छाटता तिचा हात थांबायचा आणि आमचे पाय धुऊन झाले की कात्री पुन्हा चालू लागायची. मी नवऱ्याला म्हटलं, ही बाई काहीतरी धरून बसली आहे, एक दिवस बाहेर काढेल.

तसंच झालं. एका सकाळी तिने भिंतीपाशी येऊन मला विचारलं, की तुम्ही आमच्या चर्चमधून आलात की पाय का धुता, आम्ही घाणेरडे आहोत का. तोंडावर असं विचारणारी इंग्रज बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी चाचरत सांगितलं, की हे चर्चसाठी नाही, मेलेल्या माणसांसाठी आहे. स्मशानातून आल्यावर आमच्यात असंच करतात. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, की थडग्यांचं ठीक आहे, पण तुमच्या सासूबाई क्रॉसकडे बोट दाखवून पाय धुतात, आणि क्रॉसखाली तर कुणीच नाही. त्यातला एकही माणूस परत आणलेला नाही. नुसती नावं आहेत.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून खिडकीशी गेल्या.

"खाली कोण न्हाई?"

"कोणी नाही, आत्याबाई."

"म्हणजे पुतळाच की," त्या म्हणाल्या. "दगडाचा केला, एवढंच."

त्या दुपारी त्या पहिल्यांदा आपण होऊन क्रॉसपाशी गेल्या. मी खिडकीतून बघत होते. शेजारीण भिंतीचं फाटक उघडून त्यांच्याजवळ गेली. दोघी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहून हातवारे करत होत्या. मग शेजारणीने खिशातला रुमाल काढून चौथऱ्यावर काहीतरी पुसलं आणि सासूबाईंचा हात धरून तिथे टेकवला. कुठे ते मला इतक्या लांबून दिसलं नाही, पण ओळखायला वेळ लागला नाही. ती कोरी ओळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या घरात गेल्या आणि हातात केक घेऊन बाहेर आल्या. रोज दुपारी दोघी क्रॉसच्या पायरीवर बसायला लागल्या. सासूबाईंना विचारलं, काय बोलता तुम्ही. त्या म्हणायच्या, बोलायला काय लागतंय.

आता मला सांगा, संशय येणार नाही तर काय. परक्या देशात, चर्चच्या आवारात, क्रॉसच्या पायथ्याशी, एक गोरी बाई माझ्या सासूचा हात धरून बसते आणि तिला खायला घालते. लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी डोक्यात नाचायला लागल्या. विहिरीत पाव टाकला, सकाळी सगळ्यांनी पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. मी त्या केकचा तुकडा तोडून वास घेऊन बघितला. बाटवल्याचा वास कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं, पण अंडं मात्र होतं, आणि तो गुरुवार होता. सासूबाईंचा उपास. त्यांनी तो खाल्ला होता की नाही हे मी विचारलं नाही, उत्तराची भीती वाटली.

लंडनजवळ ईलिंगला माझी एक मैत्रीण होती, तिचा नवराही डॉक्टर. तिला फोन केला. तिने आगीत तेल ओतलं. "अगं, बी केअरफुल हं. आधी केक, मग टी, मग संडेला चर्चमध्ये सर्व्हिसला येता का म्हणून गोड विचारतात. ओल्ड लेडीजना एकटं गाठतात. आमच्या स्ट्रीटवर झालंय." नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, की इथे त्यांचीच माणसं चर्चला येत नाहीत, माझ्या आईला कशाला ओढतील. पण दोन दिवसांनी त्यानेच मला हळूच विचारलं, की आई हल्ली संध्याकाळचा दिवा लावते ना.

मी सरळ पोस्ट ऑफिस गाठलं. या वेळी त्या बाईला मी माझ्या नवऱ्याकडून तिच्या पित्ताशयाबद्दल सल्ला मिळवून देईन असं आमिष दाखवलं, तेव्हा ती बोलली. कोरी ओळ शेजारणीच्या नवऱ्याची होती. तो विमानदलात होता, विमान समुद्रावर गेलं आणि आलं नाही. लढाई संपल्यावर नावं कोरायची ठरली तेव्हा सगळ्या घरांनी होकार दिला. हिने दिला नाही. नवरा बेपत्ता आहे, मेला असं कुणी पाहिलेलं नाही, दगडावर घालायचा नाही, म्हणाली. पॅरिशने, म्हणजे चर्चच्या गावकमिटीने, जागा सोडून बाकीची नावं कोरली. तेव्हापासून दर नोव्हेंबरात सगळं गाव ती जागा न बघितल्यासारखं करतं. एवढं सांगून बाईने आवाज आणखी खाली आणला. कुणाच्या तरी चुलतभावाने त्याला कॅनडात बघितला होता, म्हणे. बायकोमुलांसह. "नाहीतर इतकी वर्षं कोण वाट बघतं? तिला काहीतरी माहीत असणार."

मी घरी परतले ती सुन्न होऊन. सासूबाईंना तिच्यात काय सापडलं होतं ते आता कळलं. पण त्याने माझा जीव थाऱ्यावर आला नाही, उलट नवीन घोर लागला. नवऱ्याने आईला इथे आणली होती ती वाट बघणं सोडावं म्हणून, आणि तिला भेटली कोण, तर या अख्ख्या गावात तिच्यासारखीच हट्टाला पेटलेली एकमेव बाई. आता दोघी मिळून एकमेकींना बळ देणार. बाटण्याची भीती परवडली असती. माणूस बाटला तर निदान पुढे काय ते ठरतं.

नवऱ्याला हे सांगितलं. तो खिडकीत उभा राहून पायरीवर बसलेल्या त्या दोघींकडे बघत राहिला. त्या उन्हाळ्यात तो विषय त्याने काढला नाही. सासूबाईंनी मात्र आपला मुक्काम आपणहून वाढवला.

पानं गळायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आवारात व्हॅन आली. एक माणूस क्रॉसपाशी ताडपत्री अंथरून गुडघ्यावर बसला आणि छिन्नीचा आवाज यायला लागला. शेजारीण शेजारी एका स्टुलावर बसली होती, कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि त्यांना काय चाललंय ते माझ्याआधी कळलं.

"कोरून घेतीया," त्या म्हणाल्या.

त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली ती दिवसभर. जेवल्या नाहीत. दुपारी शेजारीण फाटकापाशी येऊन उभी राहिली, सासूबाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी संशय घ्यायला सुरुवात केली, आणि मी कबूल करते की त्या कामात त्या माझ्या वरताण निघाल्या. आधी म्हणाल्या, व्हिकरने दबाव आणला असंल. मग म्हणाल्या, गावानं वाळीत टाकायची धमकी दिली असंल. शेवटी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "दुसरा केला असंल तिनं. बोटातली अंगठी हाय का बघ."

मी म्हटलं, तुम्हीच बघा. शेजारणीला चहाला बोलावलं. ती आली, डोक्यावर रुमाल नव्हता, केस नीट विंचरलेले. आमच्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच येत होती. सासूबाई टेबलाच्या पलीकडे ताठ बसल्या होत्या. मी चहा ओतला, तो कुणी घेतला नाही. इतके महिने एका शब्दाशिवाय भागवणाऱ्या त्या दोघींना त्या दिवशी माझी गरज पडली.

"विचार तिला," सासूबाई म्हणाल्या, "कुणी सांगावा आणला व्हय?"

मी विचारलं. नाही, ती म्हणाली. काहीच कळलेलं नाही.

"मग का कोरलं?"

 शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, की मी सांगते ते जसंच्या तसं सांगाल का, मऊ करून नको. मी हो म्हटलं.

"मी त्यांच्याकडे बघितलं," ती म्हणाली. "त्या माझ्याहून मोठ्या आहेत. वाऱ्याने फाटक वाजलं की त्या बोलता बोलता थांबतात. मीही थांबते. मला वाटलं होतं की हे फक्त माझंच आहे. त्यांच्यात मला ते समोरून दिसलं, आणि मी घाबरले."

आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला तुमच्यासारखं व्हायची मला भीती वाटली म्हणून मी नवऱ्याचं नाव दगडावर घातलं, असं. मनात आलं, की हिने हे मुद्दाम केलं असेल का, माझ्या नवऱ्यानेच हिला पढवून ठेवलं असेल का. तो दवाखान्यात होता, त्याला विचारायची सोय नव्हती. शेवटी मी सांगितलं, शब्दाला शब्द. सांगताना सासूबाईंकडे न बघता किटलीकडे बघत होते.

सासूबाई रडतील किंवा उठून जातील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं बोलली." आणि मग, "झोप लागली का विचार."

लागली, शेजारीण म्हणाली. पहिल्याच रात्री.

मला वाटलं संपलं. पण सासूबाईंचं खरं विचारायचं अजून राहिलंच होतं. त्या पुढे झुकल्या. नाव कोरल्यावर तिच्या घरी कोण कोण आलं, असं त्यांनी विचारायला सांगितलं. शेजारणीला प्रश्नाचा रोख कळेना. व्हिकर आले होते, ती म्हणाली, चहा घेऊन गेले. पोस्ट ऑफिसातल्या बाईने ॲपल पाय पाठवला, सफरचंद भरून भाजलेला. आणखी कोण येणार?

"बाया न्हाई आल्या?"

बाया कशाला येतील, शेजारीण म्हणाली.

सासूबाईंनी तिचा डावा हात धरून टेबलावर ओढला. अंगठी बोटातच होती, इतकी जुनी की तिच्या दोन्ही बाजूंना मांस वर आलं होतं. सासूबाईंनी अंगठीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, ही काढावी लागत नाही का. शेजारणीने हात मागे घेतला नाही, पण तिला तो प्रश्न लागलेला दिसला. "ही कुणी का काढेल? माझी आहे."

ती गेल्यावर सासूबाई तिथेच बसून राहिल्या. बाहेर अंधारून आलं होतं, मी दिवा लावला. नवरा घरी आला, मागच्या दाराशी पाय धुतले, आत येऊन आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत खुर्चीत बसला.  गार झालेला चहा मी मोरीत ओतला.

मी सासूबाईंना इतकी वर्षं बघत होते. त्यांचा विश्वास किती दांडगा, असं सगळे म्हणायचे. काही जण कौतुकाने, बरेचसे चिडून. त्या नवऱ्याची वाट बघतात हे मीही धरून चालले होते. त्या कडीच्या आत बसल्या होत्या तेव्हा दारात दीर आणि भटजी होते एवढंच मला सांगण्यात आलं होतं. त्यांच्या मागे अंगणात कोण उभं असणार हे मला कधी सुचलं नाही. मी पुण्यात वाढलेली, आमच्या घरात ते जवळून बघायची वेळ आली नव्हती. बारा वर्षांचा हिशेब संपला की जावा येतात, नणंदा येतात, घरातल्याच बायका येतात. एक हात धरते, एक कुंकू पुसते, एक दगडावर मनगट आपटते.

सासूबाई आपल्या बांगड्यांवरून बोट फिरवत होत्या.

"हितं कुणी येत न्हाई म्हण की," त्या म्हणाल्या. "बांगड्या फोडायला."

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "इथे कुणी येणार नाही."

"आन् तू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या घराची सून मीच होते. या देशात त्यांच्या घरातली बाई म्हणाल तर मी एकटीच होते. म्हणजे विमानातून उतरल्यापासून, मी त्यांच्यावर खिडकीतून नजर ठेवत होते तेव्हा त्याही माझ्यावर नजर ठेवून होत्या.

"मी नाही," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही ठेवा. कुणी हात लावणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाजारात जनावर घेणारा माणूस बघतो तसं, सावकाश, घाई न करता. नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याला खुणेने थांबवलं. मग त्या त्याच्याकडे वळल्या.

"तुझ्या बापाचं काय करायचं असंल ते कर," त्या म्हणाल्या. "तिकडं गावाला न्हाई. हितंच कर."

तो उठून त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. रडत होता. मीही त्यांच्याजवळ जायला म्हणून टेबलाला वळसा घातला. मला येताना पाहिलं आणि सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.